खुडखुडीचं शुद्धलेखन

"ही खुडखूड आहे," काकू म्हणाल्या.

"खडखड," काका म्हणाले आणि त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.

"खुडखूड. डावीकडे, पुढच्या चाकापाशी. खड्ड्याला दोनदा होते, स्पीडब्रेकरला तीनदा."

"खुडखूड असा शब्दच नाही."

"शब्द नसेल. आवाज आहे."

काकूंनी शाळेत एकोणतीस वर्षं गायन शिकवलं होतं. साठ मुलं एका सुरात गात असताना कोणत्या बाकावरचं कोण घसरलं, हे त्या फळ्याकडे तोंड करून सांगत. काकांनी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढली होती. गल्लीत त्यांना वेलांटीकाका म्हणत, कारण औषधाच्या दुकानाच्या पाटीवरची एक चुकीची वेलांटी त्यांनी भर दुपारी स्टुलावर चढून पुसली होती. दुकानदाराने हरकत घेतली नाही. स्टूल त्यानेच धरलं होतं. थोडक्यात, एकीला कान होता आणि दुसऱ्याला काना.

या दोघांच्या मध्ये ती गाडी होती. चौदा वर्षांची, मधल्या आकाराची, डिकीवाली. रंग कागदोपत्री चंदेरी होता. एसी लावला की फक्त चालवणाऱ्याचा डावा गुडघा गार पडायचा. किल्ली फिरवली की चारपैकी तीन दारं उघडायची आणि चौथं विचार करायचं. पण काकांचा तिच्यावर जीव होता. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलं होतं, दुसऱ्यांचे परिच्छेद पाडले होते. कुठे वळायचं हे आयुष्यात स्वतः ठरवायला मिळालं ते एवढ्या एकाच ठिकाणी, स्टिअरिंगमागे.

"हे बघा," काकू घराशी उतरताना म्हणाल्या, "रविवारी ताई आणि भावजी येतायत. तुम्ही त्यांना आणायला स्टेशनवर जाणार. भावजींच्या देखत हिनं तोंड उघडलं, तर सोमवारी गाडी विकायची."

भावजी, म्हणजे काकांचे साडू, एका कारखान्यातून खरेदी अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. वस्तूत खोट काढल्याशिवाय त्यांना ती वस्तू नीट दिसतच नसे. मागच्या खेपेला या गाडीत बसल्यावर पट्टा लावायच्या आधीच त्यांनी विचारलं होतं, "भंगारात किती येतात हो हिचे?" काकूंना ते लागलं होतं. बहिणीसमोर बोलले होते ना.

"नाही उघडणार तोंड," काका म्हणाले.

"शब्द देता?"

"दिला."

शब्द कोणता, एवढंच काय ते ठरायचं राहिलं.

काकांची गाडी ज्या मिस्त्रींकडे जायची, त्यांची कामाची एक रीत होती. ते गाडी स्वतः एक फेरी फिरवून आणत, एका चिठ्ठीवर आवाजाचं नाव लिहीत आणि चिठ्ठी वायपरखाली अडकवत. मागच्या शेडमध्ये दोन फिटर होते. तिथे हवेचा पंप, ग्राइंडर आणि रेडिओ एकाच वेळी चालत, त्यामुळे बोलून सांगण्यात अर्थ नव्हता. भिंतीवर फळा होता. फळ्यावर अठरा आवाज आणि प्रत्येक आवाजासमोर त्याचा पार्ट. फिटर चिठ्ठी वाचे, फळ्याकडे बघे आणि पाना उचले. दुपारनंतर मिस्त्री रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला जात. संध्याकाळी किल्ली आणि बिल खिडकीतल्या बाई देत. गिऱ्हाइकांना मागे जायला मनाई होती. तो फळा काकांनी वेळेवर पाहिला असता, तर ही गोष्ट सोमवारीच संपली असती.

सोमवारी मिस्त्रींनी फेरी मारली, डोकं हलवलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: खूडखुड.

"किरकोळ आहे काका. संध्याकाळी घेऊन जा," असं म्हणून ते फोनवर गेले.

काका आणि चिठ्ठी एकमेकांसमोर राहिले. शर्टाच्या खिशात लाल पेन होतं. ते निवृत्तीनंतरही तिथेच असे, जसं काहींच्या खिशात गोळ्यांचं पाकीट असतं. काकांनी चिठ्ठी वाचली. जो शब्द त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही छापू दिला नव्हता तो, आणि त्यातही दोन्ही उकार चुकलेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: खडखड. मग कर्तव्य केल्याच्या समाधानाने ते चालत घरी आले.

फळ्यावर खुडखुडीसमोर लिंक रॉड होता. तो बोटभर जाडीचा, आठशेचा. खडखडीसमोर शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते, जोडीने.

"अकरा हजार आठशे," संध्याकाळी खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"किरकोळ म्हणाले होते."

"पार्ट जोडीनं बदललेत ना काका."

काकांनी दातांच्या कामासाठी काही रक्कम बाजूला ठेवली होती. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये त्यातल्या वरच्या दोन दाढा गेल्या. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "किती झाले?"

"किरकोळ."

दोघांनी चौकापर्यंत फेरी मारली. गाडी खड्ड्यांवरून बोटीसारखी तरंगत गेली.

"बसायला छान झाली," काकू म्हणाल्या. "आणि तिचं तरंगणं संपलं की पाठोपाठ खुडखूड होतेय."

आवाज होता, हे काकांनाही नाकारता येईना. पण आता गाडीच मऊ झाल्यामुळे आवाजही मऊ झाला होता, आणि मऊ झालेल्या आवाजाला जुनं नाव कसं चालेल? मंगळवारी संध्याकाळी त्यांनी काच खाली करून मैदानाभोवती चार फेऱ्या मारल्या आणि एकेक शब्द आवाजाला लावून पाहिला. खुळखूळ म्हणावं तर फार हलका. धडधड म्हणावं तर अतिशयोक्ती.

"घरघर कशी वाटते?" त्यांनी जेवताना विचारलं.

"तुम्ही झोपलात की असते ती," काकू म्हणाल्या. "गाडीत नाहीये."

बुधवारी मिस्त्रींनी पुन्हा फेरी मारली. "अजून आहे? कमाल झाली," ते म्हणाले आणि चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: तोच आवाज. मग कोणीतरी हाक मारली म्हणून ते गेले.

तोच म्हणजे कोणता? काकांनी आयुष्यभर लेखकांना हेच विचारलं होतं. वाचणाऱ्याने मागचं पान उलटून बघायचं का? मागचं पान तर सोमवारच्या चिठ्ठीबरोबरच गेलं. एवढं संदिग्ध वाक्य फिटरच्या हातात द्यायचं त्यांना जिवावर आलं. त्यांनी 'तोच' खोडला, 'आवाज' खोडला आणि रात्रंदिवसाच्या चिंतनाचं सार एका ओळीत उतरवलं: मंद, खोल, दुरून आल्यासारखी घरघर.

फिटरने ओळ वाचली, बोट शेवटच्या शब्दावर ठेवलं, फळ्याकडे पाहिलं आणि पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंग बदलली. नऊ हजार सहाशे. उजवीकडचा सुळा आणि त्याच्या शेजारचा दात गेला.

"किती?"

"किरकोळच."

"रोज रोज किरकोळ बरं निघतंय," काकू म्हणाल्या. "आणि ती खुडखूड?"

"ती काय, आहे."

"आज बुधवार आहे," काकू शांतपणे म्हणाल्या. "भावजींनी फोनवर विचारलंय, स्टेशनवर टॅक्सी मिळते का."

हे मात्र काकांच्या वर्मी लागलं. शुक्रवारी सकाळी ते गॅरेज उघडायच्या आधी जाऊन उभे राहिले. मिस्त्रीही गंभीर होते. त्यांनी गाडी दोन फेऱ्या फिरवली, उतरले, डाव्या चाकापाशी उकिडवे बसले आणि चाक हलवून पाहिलं.

"काका, आहे खुडखूडच," ते म्हणाले. "आता एकतर माझा कान गेला, नाहीतर फिटरचं डोकं गेलं. दोन्ही मला परवडायचं नाही." त्यांनी चिठ्ठी घेतली आणि या वेळी मोठ्या अक्षरात लिहिलं: खूडखुड. खाली दोन रेघा ओढल्या.

आता सांगायला हवं की काका हट्टी असले तरी अन्यायी नव्हते. एक शब्द बायको वापरते, मिस्त्री वापरतात, म्हणजे तो लोकांच्या तोंडी आहे. लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दाला कोशाने आज ना उद्या जागा द्यावीच लागते. काकांनी मोठ्या मनाने त्याला भाषेत प्रवेश दिला. पण आत यायचं तर नीट होऊन यावं. हुरहूर, कुजबूज यांच्या रांगेत तो बसणार, म्हणजे पहिला उकार ऱ्हस्व आणि दुसरा दीर्घ. मिस्त्रींनी नेमकं उलटं केलं होतं. काकांनी मूळ शब्द खोडला आणि समासात शुद्ध रूप लिहिलं.

तिन्ही दुरुस्त्यांतली ही एकच दुरुस्ती नियमाला धरून होती. तीच सगळ्यात महाग पडली. कारण काकांचा घाईतला 'ड' हा 'र'सारखा दिसे. छापखान्यात चौतीस वर्षं त्यावरून कधी घोटाळा झाला नाही, कारण तिथल्या अक्षरजुळाऱ्यांना त्याची सवय होती. फिटरला नव्हती. त्याने खुरखूर वाचलं, फळ्यावर ती शोधली, आणि क्लच उतरवला. प्लेट, प्रेशर प्लेट, आतलं बेअरिंग, सगळा संच. सोळा हजार.

दातांची खालची अख्खी ओळ गेली.

शनिवारी सकाळी काका गाडी घेऊन निघाले. क्लच लोण्यासारखा दबत होता. चाकं पाण्यासारखी फिरत होती. गाडी तरंगत होती. आणि औषधाच्या दुकानासमोरच्या स्पीडब्रेकरवर डावीकडून तीन वेळा, सुस्पष्ट, कोणत्याही शब्दकोशाची पर्वा न करता, खुडखूड झाली.

गॅरेजमध्ये मिस्त्री टायरवर बसले होते. त्यांच्या हातात बिलांच्या खिळ्यावरून काढलेल्या तीन चिठ्ठ्या होत्या.

"काका, हे लाल कोणी केलं?"

"मी."

"का?"

"तुम्ही ऱ्हस्व-दीर्घाच्या फार चुका करता. बुधवारची चिठ्ठी तर अगदीच मोघम होती. मी तीत भर घातली, त्याबद्दल काही मागितलं नाही."

मिस्त्रींनी तिन्ही चिठ्ठ्यांची घडी घालून खिशात ठेवली. मग उठले. "चला मागं."

"मागे मनाई आहे ना?"

"ती तुमच्यासारख्यांसाठीच होती. आता उशीर झाला."

फळ्यासमोर काका उभे राहिले. अठरा आवाज, अठरा पार्ट. त्यांनी वरून खाली वाचलं आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मिस्त्रींनी शेजारी उभं राहून एकेका ओळीवर बोट ठेवलं. "ही तुमची खडखड. ही तुमची, काय ते, दुरून आलेली घरघर. आणि ही कालची. आठशेचं काम होतं काका. सदतीस हजार चारशेचं शुद्धलेखन झालं."

फळ्यावर एकूण सात चुका होत्या. काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला. मिस्त्रींनी पेन अलगद काढून घेतलं आणि स्वतःच्या कानावर खोचलं.

"आता खोटं बोलत नाही," ते जरा निवळून म्हणाले. "चौदा वर्षांची गाडी आहे. शॉक गेलेच होते. बेअरिंग जायला आलं होतं. क्लच तर कसा टिकला कुणास ठाऊक. हे सगळं तुम्ही वर्षभरात करणारच होतात. एका आठवड्यात केलंत, एवढंच. क्लचची मजुरी परत घेऊन जा."

मग त्यांनी स्वतः जॅक लावला, गाडीखाली सरकले आणि वीस मिनिटांत डावीकडचा लिंक रॉड बदलला. चिठ्ठी लिहिली नाही.

रविवारी गाडीने तोंड उघडलं नाही.

साडू पुढे बसले होते, काकू आणि ताई मागे. स्टेशनच्या फाटकातला पहिला खड्डा आला तेव्हा साडूंनी कान पुढे केला. काही नाही. दुसरा खड्डा आला. काही नाही. साडूंनी डॅशबोर्डवर टिचकी मारून पाहिली, पायाखालचं रबर उचलून पाहिलं, काच खालीवर केली. मागे काकू ताईशी बोलत होत्या आणि आरशात दिसणारा त्यांचा चेहरा गायनस्पर्धेत वर्ग पहिला आल्यासारखा दिसत होता.

"काय केलंत हिला?" शेवटी साडूंनी विचारलं.

इथे काकांनी गप्प बसायला हवं होतं. पण आठवडाभर घरात किरकोळ म्हणून सांगावं लागलेली गोष्ट एकदा तरी पूर्ण सांगावी असं कोणाला वाटणार नाही?

"शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवे. जोडीनं."

"हं."

"बेअरिंग दोन्ही."

"दोन्ही?"

"क्लचचा अख्खा संच. लिंक रॉड. सगळं नवं."

मागे काकूंचं बोलणं थांबलं होतं. साडूंनी पट्टा थोडा सैल केला. खरेदी अधिकाऱ्याने पट्टा सैल केला, की बोली सुरू झाली असं समजावं.

"म्हणजे पुढची पाच वर्षं हिला खर्च नाही," ते म्हणाले. "मी घेतो. आमच्या हिला इकडंतिकडं जायला एक हवीच आहे. एक लाख दहा."

काकांचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उठला. अट आवाजाची होती. आवाज आला तर विकायची, हे ठरलं होतं. गप्प बसली तर काय, याचा विचार दोघांनीही केला नव्हता. आता मागून काकू हो म्हणाल्या, की गाडी गेली. आणि काकू नाही का म्हणतील? विकायची म्हणून त्याच तर वर्षभर मागे लागल्या होत्या.

"तसं खरं सांगायचं तर," काका घाईने म्हणाले, "हिच्यात एक खुडखूड आहे."

"कुठं?"

"डावीकडं, पुढच्या चाकापाशी. थांबा, ऐकवतो." आणि त्यांनी समोरचा स्पीडब्रेकर मुद्दाम जोरात घेतला. चौघं एकदम वर गेली आणि एकदम खाली आली. गाडीने हूं का चूं केलं नाही.

"ऐकलीत?" काकांनी आशेने विचारलं.

"नाही हो," मागून काकू म्हणाल्या. सुराच्या बाबतीत त्या कधी खोटं बोलत नसत. "गेली ती."

"मला आली," साडू म्हणाले.

काकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"बारीक आहे, पण आहे," साडू गंभीरपणे म्हणाले. "ह्या आवाजाचे दहा हजार कमी करावे लागतील. एक लाख."

"कसला आवाज? काही आवाज नाहीये."

"तुम्हीच म्हणालात ना राव."

"मी चुकलो. नवीन लिंक रॉड आहे. एक पैसा कमी होणार नाही."

"म्हणजे एक लाख दहा?"

"एक लाख दहा म्हणजे एक लाख दहा," काका ताडकन म्हणाले.

"ठरलं तर," साडूंनी हात पुढे केला.

काकांनी गाडी पेट्रोल पंपावर घेतली. पेट्रोल भरपूर होतं. पण पुढे कुठे जायचं हे त्यांना एकदम सुचेनासं झालं होतं. साडूंचा हात अजून हवेत होता.

"ठरलं काय?" मागून काकूंचा आवाज आला. "चौदा वर्षं मी हिची बडबड ऐकली. आणि आता गप्प झाली तर ताईनं बसायचं होय हिच्यात?"

"अगं, मला कशाला हवीय?" ताई म्हणाल्या. "हेच आपले दिसेल ते विकत घेतात."

"मग झालं. भावजी, हात खाली घ्या, दुखेल." काकू खाली उतरल्या, पुढून वळसा घालून चालवणाऱ्याच्या दारापाशी आल्या आणि वाकल्या. "आणि तुम्ही मागं बसा."

"मागे? आणि चालवणार कोण?"

"माझ्याकडे परवाना आहे. तुमच्याआधी दोन वर्षं काढलाय. विचारलं की तुमचं एकच, क्लच जड आहे, तुला झेपणार नाही. आत्ताच ऐकलं, अख्खा संच नवा आहे म्हणून. किरकोळात आलाय."

काकांनी किल्ली तशीच ठेवून पट्टा सोडला. ते उतरले. साडूही उतरले, कारण ताई पुढे येऊन दार धरून उभ्या होत्या. दोन बहिणी पुढे बसल्या, दोन साडू मागे. काकूंनी सीट पुढे ओढली, आरसा फिरवून घेतला, क्लच दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला, आणि गाडी पंपावरून अशी बाहेर काढली की हवा भरणारा माणूस बघतच राहिला. हमरस्त्याला लागताच तिसरा, मग चौथा. काकूंनी सहज एक तान गुणगुणली. ताईंनी मान डोलावली.

काका मागे गुडघे जवळ घेऊन बसले होते. गाडी राहिली, हे खरं. वळायचं कुठे, हे मात्र आता पुढे ठरत होतं.

थोड्या वेळाने साडू त्यांच्याकडे झुकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "एक लाख पंधरा."

"हळू बोला," काका कुजबुजले.

"एक लाख वीस. आपल्या दोघांत."

"अहो, ते आता माझ्या हातात आहे का?"

"मग निदान किती किलोमीटर झालेत ते तरी सांगा."

पुढच्या सीटवर ताईंनी मान जराशी वळवली. "काय गं, मागून कसला आवाज येतोय?"

काकूंनी आरशात पाहिलंसुद्धा नाही. "तो जुना आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पाचवा गिअर टाकला. "त्याचे पार्ट मिळत नाहीत."